खोडलेला दाखला

मुर्धा, रविवार, २३ जून २०२४

ताई,

"मंदे, मी त्याला तुझ्यापासून लांब न्हेनार न्हाय. तू फक्त त्याला परत मागू नको."

हे तू बोललीस त्याला या जुलैत सहा वर्षं होतील. अनिशच्या बारशाच्या दिवशी, पाहुणे यायच्या आधी, मी त्याला तुझ्या ओटीत घातलं तेव्हा. तांदूळ, नारळ आणि तो. तांदळाचे दाणे त्याच्या कानात जातील म्हणून तू पदर एका बाजूने उचलून धरला होतास. बोललीस तेव्हा त्याच्याकडेच बघत होतीस, म्हणून बाकीच्यांना वाटलं तू बाळाशीच काहीतरी बोलतेयस.

तू तुझा शब्द पाळलास. एकाच घरात, एकाच चुलीवर आपण दोघी जावांनी दोन पोरं वाढवली. हेमाली मला आई म्हणायची आणि तुला मोठीआई. अनिश तुला आई म्हणायचा आणि मला काकी. गावात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी त्याच्यासमोर बोलत नव्हतं. मीही कधी बोलले नाही.

आता तू त्याला घेऊन वरसाव्याला माहेरी गेलीस त्याला महिना झाला. माझा नंबर तू ब्लॉक केला आहेस. म्हणून हे पत्र. परशुराम भाऊजी दर रविवारी तुझ्याकडून इकडे येतात, त्यांच्याकडे देतेय. सोबत डब्यात बोंबलाचं सुकं आहे, अनिशला आवडतं तसं, कमी तिखट.

दापोलीला जे झालं ते चुकून झालं, एवढंच मला सांगायचंय. आपण उतरलो त्या बंगल्याच्या काउंटरवरच्या माणसाने सगळ्यांची ओळखपत्रं मागितली, लहान मुलांचीसुद्धा. अनिशचं आधार आपण काढलंच नव्हतं, कुणाचं नाव लावायचं म्हणून. त्याचा जन्मदाखला माझ्या पर्समध्ये होता, कारण दत्तकाच्या कागदासाठी वकिलांनी अस्सल मागितला होता आणि सुट्टीवरून आल्यावर मी तो तुला देणारच होते. मी सगळे कागद काउंटरवर ठेवले, त्यात तोही गेला. पहिलीतही न गेलेलं पोर एवढं वाचेल असं कुणाला वाटलं असतं?

घरी ये. हेमाली रोज फाटकाकडे बघते.

मंदा


मुर्धा, रविवार, १५ सप्टेंबर २०२४

ताई,

तुझं उत्तर मिळालं. जूनमध्ये डबा रिकामा परत आला. घासून, पुसून, झाकण घट्ट लावून. लग्न होऊन या घरात आले त्या आठवड्यात तूच मला शिकवलं होतंस की कुणाचा डबा रिकामा पाठवायचा नाही, काही नसेल तर चिमूटभर साखर टाकायची. मी डबा उघडून नाकाशी नेला. साबणाचा वास आला.

गणपतीला तू येशील असं वाटलं होतं. तू नाही तर निदान अनिश येईल. मी त्याच्यासाठी नवीन झब्बा आणून ठेवला होता, दोन इंच मोठा, चार महिन्यांत वाढला असेल म्हणून. भाऊजी एकटेच आले. आरतीत दोघे भाऊ शेजारी उभे होते, पण टाळ एकट्या भाऊजींच्या हातात. आमचे हे नुसते टाळ्या वाजवत होते. आरतीनंतर मी भाऊजींना विचारलं, "अनिश कसा आहे?"

"बरा हाय. जेवतो. साळंत जातो."

"काही विचारतो का?"

भाऊजी चपला घालता घालता थांबले. "आता काय विचारल? तुम्ही काय ठेवलंय त्याला विचारायला?"

इतक्या वर्षांत ते मला एवढं एकच कडू बोलले. मी ते ठेवून घेतलं.

इथलं सांगते. सकाळी मी अजून दोन पाण्याच्या बाटल्या भरते. एक परत ओतते. मोरीत दोघांना एका बादलीत आंघोळ घालायची सवय होती, आता हेमाली एकटी पाच मिनिटांत बाहेर येते. पाणी कुणी कुणाच्या अंगावर उडवत नाही, की तू बाहेरून "लादी कोन पुसल, तुमचा बापूस?" म्हणून ओरडत नाहीस. तिच्या केसांचं तर हसूच झालंय. परवा आरशात बघून मला म्हणते, "आई, तू वेणी घालतेस की दोरी वळतेस? मोठीआईची वेणी संध्याकाळपर्यंत हलायची पण नाही." तुझं नाव निघालं की ती माझ्या तोंडाकडे बघते.

समोरच्या मिठागराच्या जागेवरची इमारत आता सातव्या मजल्यावर आलीय. अनिश क्रेनला "लांब काका" म्हणायचा. लांब काका अजून आहे, असं त्याला सांग. किंवा नको सांगूस.

जूनच्या पत्रात मी लिहिलं होतं की तो एवढं वाचेल असं कुणाला वाटलं असतं. ते वाक्य मला टोचतंय. मला वाटलं असतं, ताई. मला माहीतच होतं.

माझ्या शिकवणीत मी पोरांना अ आ इ पासून शिकवत नाही, हे तू बघितलं आहेस. पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापून मी त्यांवर नावं लिहिते. पहिल्या दिवशी पोराचं स्वतःचं नाव. दुसऱ्या दिवशी त्याच्या आईचं. आईचं नाव पोरं सगळ्यात लवकर वाचतात, गुजराती घरातली असोत की उत्तरेकडची. अनिशला मी दुसऱ्या दिवशी 'हंसा' दिलं. तू भाकऱ्या थापत होतीस, तो पट्टी घेऊन तुझ्याकडे पळाला आणि तू पिठाच्या हाताने त्याच्या गालावर पांढरं केलंस. पट्टीवर तुझ्या बोटाचा ठसा राहिला. ती पट्टी तुझ्याकडे असेल.

मग परशुराम दिलं, यांचं धर्मेश दिलं, हेमाली दिलं. माझं नाव मी देतच नव्हते. एप्रिलमध्ये वकिलांकडून आपण चौघं परत आलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी दिलं. सलग पंधरा दिवस तीच एक पट्टी वरती ठेवली. काकीचं नाव वाच. आता लिही. आता न बघता लिही.

हे तुला माहीत नव्हतं.

मंदा


मुर्धा, रविवार, १२ जानेवारी २०२५

ताई,

सप्टेंबरच्या पत्रासोबत पाठवलेला डबा परत आलाच नाही. मला वाटलं तू फेकून दिलास. मग गेल्या रविवारी भाऊजींनी पिशवीतून काढला. आत हेमालीच्या दोन लाल रिबिनी होत्या, इस्त्री केलेल्या. तुझ्या बॅगेत चुकून गेल्या असतील. माझ्यासाठी काही नव्हतं आणि ते बरोबरच होतं. पण हेमालीने त्या रिबिनी दप्तरात वहीच्या पानांमध्ये ठेवल्यात, बांधत नाही. बांधल्या तर चुरगळतील म्हणते.

त्या रिबिनींमुळे हे पत्र लिहितेय. दापोलीचं सगळं सांगायचं राहिलंय.

तुला गाडीतलं आठवतच असेल. अनिश तुझ्या मांडीवर खिडकीत, आणि हेमालीची कटकट, "महाडपर्यंत तो, महाडनंतर मी, ठरलं होतं." तो रस्त्यावरचं सगळं वाचत होता. "टा-य-र पं-क्च-र. आई, टायर पंक्चर!" "येथे क-च-रा..." भाऊजी म्हणाले, "ह्या पोराला पुढं बसवा रं, डायवरला रस्ता तरी सांगल." सगळे हसलो. मीसुद्धा. तेव्हाही माझ्या पर्समध्ये तो दाखला होता आणि मी दर थोड्या वेळाने चेन उघडून बघत होते, आहे ना.

घाटात हेमालीला उलटी झाली, तुझ्या अंगावर. बंगल्यावर पोचलो तर भाऊजी आणि हे सामान उतरवत होते. तू म्हणालीस, "मंदा, तू आत जाऊन खोलीचं बघ, मी पोरीला धुते." तू नळावर माझ्या मुलीची उलटी धूत होतीस. अनिशचं बोट धरून मी आत गेले.

काउंटरवरचा माणूस चांगला होता. म्हणाला, "लहानांचं काहीही चालेल हो ताई. शाळेचं कार्ड, नाहीतर मोबाइलवर फोटो दाखवलात तरी चालतो." हे मी तुला सांगितलं नव्हतं. माझ्या मोबाइलवर त्याच्या बालवाडीच्या कार्डाचा फोटो होता.

मी पर्समधून दाखला काढला आणि अनिशच्या हातात दिला. म्हटलं, "जा, तूच दे काकांना. मोठा झालास ना."

तो देणार नाही, आधी वाचणार, हे मला माहीत होतं.

वकिलांनी एप्रिलमध्ये काय सांगितलं होतं ते आठव. कागद झाला की नवीन दाखला निघेल, त्यावर जुनी नावं राहणार नाहीत. तू वकिलांना दोनदा विचारलंस, "कुठंच न्हाय राहनार?" ते म्हणाले, कुठेच नाही. तुझा जीव भांड्यात पडला, तो मी बघितला. परत येताना रिक्षात तू माझा हात हातात धरून बसली होतीस. मला फक्त इतकंच हवं होतं की ते नाव जाण्याआधी त्याने एकदा वाचावं. त्याला काही कळलं नाही तरी चालेल. मी ऐकेन आणि घडी घालून परत ठेवीन. असं मी ठरवलं होतं. खरंच, एवढंच ठरवलं होतं.

त्याने वाचलं. "बा-ळा-चे ना-व, अनिश. आ-ई-चे ना-व..." आणि थांबला. मग एका दमात वाचलं, "मंदा." माझ्याकडे बघून हसला. "काकी, तुझं नाव! चुकलंय बघ."

काउंटरवर सुताने बांधलेलं पेन होतं. त्याने ते ओढलं, टाचा उंच केल्या आणि माझ्या नावावर आडवी रेघ मारली. एक नाही, तीन. तो माणूस "अरे अरे बाळा" म्हणेपर्यंत त्याने वरती लिहायला सुरुवात केली होती. 'हं' लिहून झालं होतं. मी शिकवलं तसंच, आधी अक्षर, मग वरचं टिंब. जीभ दातांत धरून.

मी त्याचं मनगट धरलं आणि म्हणाले, "खोडू नको. चुकलेलं नाही ते."

एवढं मी बोलले नसते तर काहीच झालं नसतं, ताई. पोराने कागद खराब केला म्हणून सगळे हसलो असतो. तुला तर किती आनंद झाला असता, तुझं नाव लिहायला गेला म्हणून. पण त्याने रेघा मारल्या आणि मला राहवलं नाही.

तो म्हणाला, "म्हणजे?"

तू दारात उभी होतीस. हातात हेमालीचा पिळलेला फ्रॉक. त्याचं पाणी लादीवर गळत होतं.

गाडी तीन दिवसांसाठी ठरवली होती म्हणून आपण तीन दिवस राहिलो. त्या तीन दिवसांत त्याने कुणाला कसलीच हाक मारली नाही. काही हवं असलं की तुझी साडी ओढायचा. माझी नाही. हेमाली पाण्यात गेली, भाऊजी गेले. तो वाळूवर चपला घालून उभा होता आणि तू त्याच्या मागे, दोन्ही हात त्याच्या खांद्यांवर. मी लांबून बघत होते. फोटो कुणी काढला नाही.

तू मला एक शब्द बोलली नाहीस. शिव्या घातल्या असत्यास तर मी तुझ्या पायांशी बसले असते.

मी परत मागितलं नाही, असं मी इतके महिने स्वतःला सांगत होते. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर त्याला मी मागणंच म्हटलं असतं.

आणखी एक. दिवाळीत हेमाली मला म्हणाली, "मला आधीपासून माहीत होतं. तुझं पोट मोठं होतं आणि मग बाळ मोठीआईकडे गेलं. मला वाटलं सगळ्यांकडे असंच असतं, एक बाळ इकडे, एक तिकडे." फराळाचं ताट हातात घेऊन अगदी सहज बोलत होती. मग विचारलं, "आई, मी कुणाला द्यायची होते का?"

मी नाही म्हटलं. तिला पटलं की नाही माहीत नाही. आपण सगळ्यांनी मिळून त्याच्यापासून लपवलं आणि ती पोर तीन वर्षांची असल्यापासून एकटी ते सांभाळत होती, हे आपल्या कुणाच्या लक्षातच आलं नाही.

मंदा


मुर्धा, रविवार, १३ एप्रिल २०२५

ताई,

या पत्रासोबत मोठं पाकीट आहे. ते आधी उघड.

दत्तकाच्या कागदावर मी सही केली आहे. भाऊजींनी तो पहिल्यांदा आणला तेव्हा जुलै होता. तेव्हापासून तो कपाटात साड्यांखाली होता आणि मी भाऊजींना दर रविवारी काहीतरी सांगत होते. वकील गावाला गेलेत, यांची सही राहिलीय, चष्मा सापडत नाही. यांची सही ऑगस्टमध्येच झाली होती. नोंदणीच्या दिवशी मला समोर यावं लागेल, ते मी येईन. तू कुठे बसायचं सांगशील तिथे बसेन. शाळेने कागदांसाठी वर्षाची मुदत दिली होती ती जूनमध्ये संपते असं भाऊजी म्हणाले. तोपर्यंत होईल.

पाकिटात दाखल्याची नवीन प्रत आहे, स्वच्छ. पालिकेच्या कार्यालयात जाऊन काढली. अर्जात एक रकाना होता, अर्जदाराचे बाळाशी नाते. मी तो शेवटी भरला. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "मॅडम, तेवढं लिहा ना, लाइन आहे मागे." मी लिहिलं. यापुढे कुठे लिहायचं काम पडणार नाही.

खोडलेला दाखला मी ठेवून घेतेय. तो कुणाच्या कामाचा नाही आता. तीन रेघा आणि एक 'हं'. मी मेल्यावर हेमालीला सापडला तर ती समजून घेईल.

तू त्याला मागितलं नव्हतंस, हेही लिहून ठेवते, म्हणजे पुढे कुणी काही बोललं तर तुझ्याकडे असावं. तुझं तिसरं गेलं तेव्हा मला सातवा महिना होता. तू दवाखान्यातून आलीस आणि काही न बोलता माझ्यासाठी पेज टाकलीस. त्या संध्याकाळी मीच तुला म्हटलं, हे तुझं. तू नको म्हणालीस. चार दिवस नको म्हणत होतीस. मीच ऐकलं नाही. सहा महिने तू दर दोन तासांनी त्याला माझ्याकडे पाजायला आणायचीस आणि भिंतीकडे तोंड करून बसायचीस. तेव्हा मी तुझी पाठ बघत होते आणि मला वाटायचं, ही मला लाजतेय. तू मला एकटं सोडत होतीस त्याच्याबरोबर, हे आता कळतंय.

सहीच्या बदल्यात मला काही नको. म्हणूनच सही आधी पाठवतेय आणि खालचं नंतर लिहितेय. तू पाकीट ठेवून पत्र फाडलंस तरी सही सहीच राहील.

भाऊजी मागच्या रविवारी यांना सांगत होते, "पोराला येकदा समुद्र दावायचा हाय. त्या येळी पान्यात गेलाच न्हाय तो." मे महिन्यात तुम्ही परत दापोलीला जाताय, तिघंच. मी आत चहा गाळत होते, ऐकू आलं.

हेमालीला घेऊन जाशील का?

मी येणार नाही. तिचे बाबाही येणार नाहीत. तिच्या हातात फोन देणार नाही, तिला काही सांगायला शिकवणार नाही. ती तुला मोठीआईच म्हणेल आणि अनिश तुला आई म्हणेल, आणि मधे कुणी काकी नसेल. पुन्हा कधी गेलो तर खिडकीची जागा अख्ख्या रस्त्याला त्यालाच, असं ती मागेच म्हणालीय, मी न विचारता, स्वतःहून. घाटाआधी तिला पोटभर खायला घालू नकोस, नाहीतर परत तुझ्या साडीवर. आणि तिची वेणी तूच घाल. तीन दिवस तरी हलणार नाही.

तू नाही म्हणशील. मी तुझ्या जागी असते तर मीही नाहीच म्हटलं असतं, आणि डबा रिकामा पाठवला असता. हेमालीला मी यातलं काही सांगितलेलं नाही. तिची बॅग माळ्यावरच आहे.

तरी विचारते, ताई. नेशील का तिला?

मंदा